विमानं, तोफा आणि गोल्फच्या गाड्या, सगळं एकाच कंपनीचं: अशा कंपनीच्या भरवशावर कोकणाने किती राहावं?

दाभोळखाडी

गेलं वर्षभर चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात 'डिफेन्स' हा शब्द सारखा कानावर येतोय. वाटद औद्योगिक क्षेत्रात दारूगोळ्याचा मोठा प्रकल्प जाहीर झाला. लोट्यातले काही वर्कशॉपवाले विमानाच्या सुट्या भागांसाठी कोटेशनं पाठवू लागलेत. पॉलिटेक्निकची मुलं विचारतात, या लाइनीत पुढे काही आहे का. मी लहान कारखान्यांचे हिशेब आणि बँकेची कामं बघतो, त्यामुळे हे प्रश्न फिरून माझ्या टेबलावर येतात. आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेलं असतं: "कंपनीकडे एवढ्या हजार कोटींच्या ऑर्डरी आहेत, शिवाय धंदा एक नाही, पाच-सहा आहेत. बुडायचा प्रश्नच नाही."

ही समजूत मला धोक्याची वाटते. धंदे किती आहेत हे सगळे मोजतात. ते सगळे मिळून किती थोड्या गोष्टींवर अवलंबून आहेत, हे कोणी मोजत नाही.

उदाहरणाला अमेरिकेतली टेक्स्ट्रॉन घेऊ. सेसना आणि बीचक्राफ्ट विमानं, बेल हेलिकॉप्टर, लष्करी ड्रोन आणि चिलखती गाड्या, लायकमिंगची इंजिनं, मोटारींच्या प्लास्टिकच्या इंधन टाक्या, ई-झी-गो नावाच्या गोल्फच्या गाड्या, वर एक छोटी वित्त शाखा. २०२४ ची विक्री १३.७ अब्ज डॉलर, त्यातला साधारण पाव हिस्सा अमेरिकी सरकारकडून. कागदावर याहून जास्त पसरलेली कंपनी शोधूनही सापडणार नाही.

आता तिचं २०२४ हे एकच वर्ष बघा. ८ फेब्रुवारीला अमेरिकी लष्कराने टेहळणी हेलिकॉप्टरचा 'फारा' कार्यक्रम अचानक रद्द केला. त्यासाठी बेलने इन्व्हिक्टस नावाचं हेलिकॉप्टर बनवत आणलं होतं. त्याच सुमारास लष्कराने टेक्स्ट्रॉनचंच शॅडो ड्रोन सेवेतून काढायचं ठरवलं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात विचिटा इथल्या विमान कारखान्यातले सुमारे ५,००० कामगार संपावर गेले आणि जवळपास महिनाभर विमानांचं काम अडलं. २०१७ मध्ये विकत घेतलेली बर्फावरच्या गाड्यांची आर्क्टिक कॅट कंपनी इतकी रखडली की २०२५ मध्ये विकून टाकली. कंपनी बुडाली नाही, नफ्यातच राहिली. पण यातल्या एखाद्याच भागाचं काम करणारा छोटा पुरवठादार डोळ्यांसमोर आणा. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात जी एक ओळ असते, ती त्याची सगळी वर्षाची कमाई असते.

अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला वार्षिक अहवालात जोखमींचं वेगळं प्रकरण लिहावं लागतं. लोक ते वकिली भाषा म्हणून उलटून टाकतात. मी सांगेन, सगळा अहवाल सोडा पण तेवढं वाचा. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की सरकारला ठेकेदाराची काहीही चूक नसताना, निव्वळ आपल्या सोयीसाठी, ठेका थांबवता येतो. झालेल्या कामाचे पैसे मिळतात. पुढच्या कामावर धरलेला नफा मिळत नाही. ऑर्डर बुकातही दोन प्रकार असतात, पैसे मंजूर झालेल्या ऑर्डरी आणि ठेका झालाय पण पैसे अजून मंजूर व्हायचेत अशा ऑर्डरी. बातमीत दोन्हींची बेरीज येते.

तुमचे अनुभव आणि मतं लिहा.

लोटे_टर्नशॉप

चांगला धागा. मी पुरवठादाराच्या बाजूने लिहितो, कारण हे काम बाहेरून जितकं साधं दिसतं तितकं नाही.

आमच्याकडे सीएनसी आहेत, पाच अक्षांचं एक मशीन आहे, मोजमापाला सीएमएम आहे. लोकांना वाटतं ड्रॉइंग आलं, जॉब लावला, पार्ट तयार. विमानाच्या कामात पार्टपेक्षा त्याचे कागद मोठे. कच्च्या मालाचा हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतीतला याची ओळख, मिलच्या सर्टिफिकेटपासून शेवटच्या पॅकिंगपर्यंत तुटता कामा नये. कारखान्याला एएस९१०० हे विमान उद्योगाचं गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, एनडीटी (पार्ट न तोडता आतले दोष शोधणारी तपासणी) या 'स्पेशल प्रोसेस' नॅडकॅप या विमान उद्योगाच्या कार्यक्रमाची मान्यता असलेल्या ठिकाणीच करून घ्याव्या लागतात आणि अशी ठिकाणं आपल्या बाजूला नाहीत. म्हणजे पार्ट घाट चढून पुण्याला किंवा त्याच्याही पुढे जायचा, परत यायचा, पुन्हा फिनिशिंग, पुन्हा तपासणीला जायचा. पहिल्या नगाच्या संपूर्ण तपासणीचा अहवाल, म्हणजे फर्स्ट आर्टिकल रिपोर्ट, मंजूर होईपर्यंत एक रुपया बिल होत नाही.

आमची एक अख्खी बॅच रिजेक्ट झाली होती. मापं सगळी बरोबर होती. हीट ट्रीटमेंट करणाऱ्याने भट्टीचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या कॅलिब्रेशनची मुदत संपल्यावरही माल चालवला होता, एवढंच. गिऱ्हाईकाने माल घेतला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. विमान हवेत असताना कोणी कॅलिब्रेशन बघायला जात नाही. नुकसान मात्र आमच्या गळ्यात पडलं, कारण खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं होतं की उपठेकेदाराची जबाबदारी आमची.

दाभोळखाडी म्हणतात ते मला पटतं. गिऱ्हाईक कंपनीचे पाच धंदे असोत, मला काम देणारा विभाग एकच असतो. तो आजारी पडला की बाकीचे चार मला ओळखतही नाहीत.

अलिबागची_गुंतवणूक

मी थोडा वेगळा विचार मांडतो. विविधता निरुपयोगी आहे असं या धाग्यातून जाऊ नये.

आपल्या शेजारची भारत फोर्ज घ्या. मुळात ट्रकचे क्रँकशाफ्ट आणि अॅक्सल. ट्रकचा बाजार वरखाली होत असतो, त्यात अमेरिकेची मागणी थंडावली की निर्यातीला फटका बसतोच. त्याच कंपनीने फोर्जिंगचं, म्हणजे तापलेला धातू दाबून घडवण्याचं, कसब तोफांकडे वळवलं. मार्च २०२५ मध्ये अटॅग्स या ओढून नेण्याच्या तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला. एकूण ३०७ तोफा, त्यातला मोठा वाटा भारत फोर्जकडे, उरलेला टाटांकडे. म्हणजे एक बाजार झोपलेला असताना दुसरा उभा आहे. टेक्स्ट्रॉनचंही तेच आहे. तुम्ही 'फारा' रद्द झाल्याचं लिहिलंत, पण डिसेंबर २०२२ मध्ये त्याच बेलने ब्लॅक हॉकची जागा घेणाऱ्या विमानाची स्पर्धा व्ही-२८० घेऊन जिंकली, हे लिहिलं नाहीत. एक दार बंद झालं तेव्हा दुसरं उघडलेलं होतं. ही ताकद एकाच वस्तूच्या कंपनीत नसते.

गुंतवणूकदाराने कंपनी बघावी, विभाग नव्हे.

दाभोळखाडी

@अलिबागची_गुंतवणूक, मागणीच्या बाजूने तुमचं म्हणणं मान्य आहे आणि व्ही-२८०ची जोड दिलीत ते बरं केलंत. तुम्ही शेअर आज विकू शकता. लोटे_टर्नशॉप आपलं मशीन आज विकू शकत नाहीत. दोघांची जोखीम एक नाही, म्हणून दोघांनी अहवाल वेगवेगळ्या नजरेने वाचावा.

पण माझा मुख्य मुद्दा पुरवठ्याच्या बाजूचा आहे. तिथे सगळ्या कंपन्या, सगळे विभाग, नागरी असोत की लष्करी, त्याच चार-दोन दारांत रांगेत उभे असतात. मोठी कास्टिंग आणि फोर्जिंग बनवणारे जगात मोजके आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जेनकिनटाऊनला एसपीएस टेक्नॉलॉजीजचा कारखाना आगीत गेला. तिथे विमानांचे फास्टनर बनत, म्हणजे साध्या भाषेत नट-बोल्ट. एका कारखान्याच्या आगीने जगभरातले विमान बनवणारे पर्यायी पुरवठादार शोधू लागले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने समॅरियम, डिस्प्रोशियमसारख्या सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. समॅरियम-कोबाल्टचे चुंबक क्षेपणास्त्रातही असतात आणि प्रवासी विमानातही. त्या दिवशी 'आमचे सहा विभाग आहेत' या म्हणण्याला काय अर्थ राहिला? सहाही विभागांना तोच चुंबक हवा होता.

आणि एक दोष किती लांब जातो ते प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ या प्रवासी विमानाच्या इंजिनावरून कळतं. इंजिनाच्या चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून बनतात, त्या भुकटीत काही वर्षं भेसळ राहून गेली होती. जुलै २०२३ मध्ये ते जाहीर झालं, शेकडो इंजिनं पंखांवरून उतरवून तपासायची वेळ आली. मूळ कंपनी आरटीएक्सला सुमारे ३ अब्ज डॉलरचा फटका बसला. त्याच कुळातल्या इंजिनांच्या तुटवड्याकडे बोट दाखवत आपल्याकडची गो फर्स्ट मे २०२३ मध्येच दिवाळखोरीत गेली होती आणि इंडिगोची कितीतरी विमानं जमिनीवर उभी राहिली. आरटीएक्सकडे क्षेपणास्त्रं आहेत, रडार आहेत, कॉलिन्सचा विमानसामग्रीचा धंदा आहे. त्याने कंपनी तरली. गो फर्स्टला त्याचा उपयोग झाला नाही.

मालगुंड_किनारा

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. आमच्या मालगुंड-गणपतीपुळे भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे हे लहानपणापासून ऐकत आलो. त्यातून टायटॅनियम निघतं म्हणतात आणि विमानाला टायटॅनियम लागतं. रशियाच्या टायटॅनियमला बरेच जण आता पर्याय शोधताहेत. मग आपल्या किनाऱ्याला यात संधी नाही का?

निवृत्त_नौसैनिक_मालवण

वाळूत इल्मेनाइट आहे, रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ते नोंदलेलं आहे. पण वाळू ते विमान हे अंतर फार मोठं आहे. जगातलं बहुतेक इल्मेनाइट पांढऱ्या रंगाच्या पावडरीसाठी जातं. धातू हवा असेल तर आधी क्लोरीनशी प्रक्रिया करून टेट्राक्लोराइड, मग मॅग्नेशियमने त्याचं क्षपण, त्यातून मिळतो तो सच्छिद्र 'स्पंज'. तो निर्वात भट्टीत वितळवून इंगट, म्हणजे धातूचा ठोकळा, मग फोर्जिंग. वीज अफाट लागते आणि क्लोरीन हाताळणं जोखमीचं. भारतात हा स्पंज केरळात चवरा इथे केएमएमएलमध्ये बनतो. इस्रो आणि संरक्षण खात्याची धातूंची प्रयोगशाळा डीएमआरएल यांच्या मदतीने तो कारखाना २०११ मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला ५०० टन. केरळकडे वाळू आणि रंगाच्या पावडरीचा कारखाना कितीतरी आधीपासून होता, तरी एवढा काळ लागला. म्हणून वाळू उपसायला कोणी आला आणि 'विमानाचं टायटॅनियम' म्हणाला तर आधी विचारा, स्पंज कुठे करणार? किनारा खणून ढिगारे बाहेर पाठवायचे असतील तर त्यात आपल्या वाट्याला फक्त धूप येते.

या विषयावर माझ्या नोकरीतलं एक सांगतो. मी विमानांच्या देखभालीत होतो. समुद्रावरची हवा धातूला कशी खाते ते आम्ही रोज पाहिलं. ७०७५ नावाचं अॅल्युमिनियम विमानात सर्रास असतं. टी६ अवस्थेत ते बळकट, पण क्षार आणि ताण एकत्र आले की आतून तडकतं. म्हणून किनाऱ्यावरच्या कामाला टी७३ अवस्था घेतात, थोडी ताकद सोडून देऊन. कोकणात असे पार्ट बनवणाऱ्याने साठवणीची खोली, आर्द्रता आणि गंजरोधक पॅकिंग यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ठेवलेला स्टीलचा पार्ट एका रात्रीत डाग धरतो.

५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळलं, तिघे गेले. त्यानंतर देशातली सगळी ध्रुव उभी करावी लागली. तपासाचा रोख फिरत्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या स्वॉशप्लेट या एका भागाच्या तुटण्यावर गेला. लष्कर आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर आधी उडाली, समुद्रावरची मागे राहिली. ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्यासारखीच ती माणसं होती. म्हणून कागदपत्रांचा जाच होतो असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही.

लोटे_टर्नशॉप

@निवृत्त_नौसैनिक_मालवण, काका, जाच म्हणून लिहिलं नव्हतं. खर्च म्हणून लिहिलं. तो खर्च कोटेशनमध्ये धरला नाही तर वर्कशॉप दोन वर्षांत बंद पडतं, आणि नवीन लोक तो धरत नाहीत.

देवगड_बागायत

यातलं मला एकच कळलं आणि ते आमच्या धंद्यासारखं आहे म्हणून विचारतो. मोहोर दिसल्यावर कोणी बाग ठरावीक रकमेला खंडाने घेतो. पुढे अवकाळी पडला, थ्रिप्स आले, फळ गळलं, तरी खंड घेणाऱ्याला ठरलेली रक्कम मालकाला द्यावीच लागते. हे संरक्षणाच्या ठेक्यातही होतं का? की सरकार खर्च भरून देतं?

दाभोळखाडी

@देवगड_बागायत, अगदी असंच होतं. आणि ठेका कुठल्या प्रकारचा आहे हाच अहवालातला पहिला प्रश्न असायला हवा.

एका प्रकारात सरकार झालेला खर्च देतं आणि वर ठरलेला नफा. दुसऱ्यात किंमत आधीच बांधलेली. वर्षानुवर्षं बनत आलेल्या वस्तूला बांधलेली किंमत ठीक, कारण खर्च माहीत असतो. पण अजून आकाराला न आलेल्या वस्तूला बांधली की तुमचा खंडवाला होतो. बोईंगने २०११ मध्ये हवेत इंधन भरणाऱ्या केसी-४६ विमानाचा विकास अशाच अटीवर घेतला. त्या कार्यक्रमात आतापर्यंत ७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला आणि तो बोईंगनेच सोसला.

हिशेबाच्या बाजूने यात आणखी एक खाच आहे. लांब मुदतीच्या ठेक्यात कंपनी माल सुपूर्द होईपर्यंत थांबत नाही. अंदाजे एकूण खर्चापैकी किती खर्च झाला त्या प्रमाणात उत्पन्न आणि नफा दरवर्षी दाखवत जाते. सगळं त्या 'अंदाजे एकूण खर्च' या आकड्यावर उभं असतं. तो व्यवस्थापनाने ठरवलेला असतो. चौथ्या वर्षी खर्च वाढणार असं कळलं की आधीच्या तीन वर्षांत दाखवलेला जास्तीचा नफा एका तिमाहीत परत काढावा लागतो, आणि ठेका तोट्याचा निघाला तर उरलेल्या वर्षांचा सगळा तोटाही त्याच तिमाहीत घ्यावा लागतो. म्हणून अशा कंपन्यांत वाईट बातमी हळूहळू येत नाही. मी अहवालात सर्वांत आधी अंदाजांतल्या बदलांची टीप शोधतो. तिथे सलग चांगले बदलच दिसत असतील तरीही मी थोडा थांबतो.

अलिबागची_गुंतवणूक

मग एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं काय म्हणाल? एकच मोठं गिऱ्हाईक, म्हणजे विविधता जवळपास नाहीच. तरी कर्ज नगण्य, नफा भरपूर. मार्च २०२५ अखेर ऑर्डर बुक १.८९ लाख कोटींचं, उलाढाल ३१ हजार कोटींच्या आसपास. सहा वर्षांचं काम हातात.

निवृत्त_नौसैनिक_मालवण

काम हातात असणं आणि काम हातावेगळं होणं यात इंजिन आडवं येतं. तेजस मार्क-१ए ची ८३ विमानं, सुमारे ४८ हजार कोटींचा ठेका, फेब्रुवारी २०२१. त्यासाठी जनरल इलेक्ट्रिककडे ९९ एफ४०४ इंजिनं ऑगस्ट २०२१ मध्ये मागवली, ७१.६ कोटी डॉलरना. जीईने ती उत्पादनाची लाइन पाच वर्षं बंद ठेवलेली होती. ती पुन्हा सुरू करायची, जुने पुरवठादार पुन्हा उभे करायचे, त्यात कोविड. पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळालं. विमानांचे सांगाडे उभे, इंजिन नाही. स्क्वॉड्रन कमी होत चाललेल्या हवाई दलाला हे किती लागलं असेल ते बाहेरून समजणार नाही.

दाभोळखाडी

आणि त्या चार वर्षांत एचएएल तगली, कारण सरकारी मालकी, आगाऊ रक्कम आणि दुरुस्ती-देखभालीचं मोठं काम पाठीशी होतं. तेजसचेच पार्ट बनवून ठेवणाऱ्या छोट्या पुरवठादाराकडे यातलं काय होतं?

ओरोसची_वैनी

माझो भाचो बेळगावजवळ हत्तरगीक एकस कंपनीत कामाक आसा. तो सांगता, थंयसर फोर्जिंग, मशिनिंग नि प्लेटिंग सगळा एकाच आवारात आसा, म्हणान पार्ट भायर पाठवचो लागणा नाय. लोटेवाल्यांनी लिवलेलो तरास हडेच कमी होता. आंबोली घाट चढलो की आमका ता जवळ. पण त्याच कंपनीचो खेळण्यांचो नि सैपाकाच्या भांड्यांचो पण धंदो आसा. माका इचारूचा आसा, इमानाचे पार्ट करतल्यांका खेळणी कित्याक व्हयी?

दाभोळखाडी

वैनी, चांगला प्रश्न. विमानाची मान्यता मिळायला वर्षं जातात आणि मागणी एका फटक्यात कोसळू शकते, कोविडमध्ये सगळ्यांनी पाहिलं. मोजमाप, साचे, शिस्त हे कसब आधीच असतं, तर ते दुसऱ्या बाजारातही लावावं असा विचार असतो. पण दुसऱ्या धंद्याला भांडवल वेगळं, गिऱ्हाईक वेगळं, स्पर्धाही वेगळीच. तो लवकर भरला नाही तर पहिल्या धंद्याची कमाई त्यात मुरते. टेक्स्ट्रॉनच्या बर्फगाड्यांचं तेच झालं. मात्र हत्तरगीत जे एका आवारात केलंय, ते मला खऱ्या अर्थाने जोखीम कमी करणारं वाटतं. वस्तूंची संख्या वाढवण्यापेक्षा साखळीतले परके दुवे कमी केले.

खंडाळा_परिसर

तुम्ही सगळे पुरवठादार, गुंतवणूकदार म्हणून बोलताय. माझं घर आणि काजूची कलमं वाटदच्या संपादनाच्या भागात येतात. आमच्या जोखमीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दारूगोळ्याच्या कारखान्यात अपघात होतात हे काही आम्ही मनाचं बोलत नाही. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, आठ कामगार गेले. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावला स्फोटात नऊ गेले, त्यात बाया जास्त होत्या. तिथे रोजगारासाठीच गेल्या होत्या त्या. मी विरोधाला विरोध म्हणून हे मांडत नाही. स्फोटकांच्या इमारतीपासून किती अंतरात घर नसावं, याचे नियम असतात म्हणतात. तो नकाशा आमच्या हातात कोणी का देत नाही? आणि प्रकल्प आलाच नाही, किंवा अर्ध्यावर थांबला, तर जमिनीचं काय?

दाभोळखाडी

ताई, हा प्रश्न या धाग्यातला सर्वांत मोठा आहे.

अंतराचे नियम खरंच आहेत. किती किलो स्फोटकं, कुठल्या वर्गाची, यावरून रस्त्यापासून, वस्तीपासून, एका इमारतीपासून दुसरीपर्यंत किती अंतर हवं ते ठरतं. त्यामुळे कुठल्या इमारतीत किती साठा धरलाय हे कळल्याशिवाय जमिनीचा आकडा पटण्यासारखा नाही. जनसुनावणीत नेमकं हेच मागा: साठ्याचं प्रमाण आणि अंतराची वर्तुळं दाखवणारा नकाशा, मराठीत.

जमिनीबद्दल: महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा १९६१ खाली संपादन झालं की जमीन आधी शासनाची आणि पुढे महामंडळाची होते. उद्योग आला नाही म्हणून ती आपोआप मूळ मालकाकडे येत नाही. म्हणून कंपनी किती टिकाऊ, हा तुमचाही प्रश्न आहे, फक्त शेअरवाल्यांचा नाही.

आणि आपल्या जिल्ह्याने हे एकदा पाहिलंय. भारती शिपयार्डचे यार्ड रत्नागिरीला आणि दाभोळला होते. व्यापारी जहाजं, तेलक्षेत्राची जहाजं, तटरक्षक दलाच्या वेगवान बोटी, म्हणजे गिऱ्हाईक खासगीही आणि सरकारीही. २००७ मध्ये जहाजबांधणीचं केंद्राचं अनुदान संपलं, २००८ नंतर जगभरात जहाजांची मागणी पडली. अशात २००९ मध्ये तेलक्षेत्राला जहाजं पुरवणारी ग्रेट ऑफशोअर ही कंपनी मिळवण्यासाठी एबीजी या दुसऱ्या जहाजबांधणी कंपनीशी चढाओढ करून कर्जावर खरेदी केली. विविधता वाढली, तिच्याबरोबर कर्जही वाढलं. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. एबीजीही त्याच वाटेने गेली. धंद्याच्या बाजू वेगळ्या होत्या, पण सगळ्यांच्या मुळाशी समुद्री व्यापाराची तेजी आणि बँकेचं कर्ज या दोनच गोष्टी होत्या.

मिऱ्या_बंदर

आमच्या वाडीतले वेल्डर आणि फिटर तेव्हा पगार थकल्यावर आखातात गेले. काही परत आलेच नाहीत, तिकडेच स्थिरावले. वयाने मोठे होते ते रिक्षा चालवू लागले. चांगल्या हाताचे, पाइपचं सर्वांत अवघड वेल्डिंग करणारे सहा-जी वेल्डर होते. एकदा असं कसब गावातून गेलं की नवा कारखाना आला तरी माणसं बाहेरूनच आणावी लागतात.

गुहागरची_मुलगी

मी रत्नागिरीत मेकॅनिकलचा डिप्लोमा करतेय. हे सगळं वाचून यात जावं की नाही असं झालंय. एका कंपनीवर, एका कार्यक्रमावर अवलंबून राहायचं नसेल तर काय शिकावं?

निवृत्त_नौसैनिक_मालवण

एनडीटी शिक, पोरी. पेनिट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल, अल्ट्रासॉनिक. लेव्हल टू पर्यंत जा. विमानाच्या कामाला एनएएस ४१० प्रमाणे पात्रता वेगळी लागते आणि ती काम देणाऱ्याकडेच मिळते, पण पाया तोच. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगचे अभ्यासक्रम असतात. हे कसब जहाजाला लागतं, रिफायनरीला लागतं, बॉयलरला लागतं, पुलाला लागतं. डोळ्यांची तपासणी दरवर्षी होते, तेवढी काळजी घे.

लोटे_टर्नशॉप

जोडीला सीएमएमचं प्रोग्रामिंग आणि ड्रॉइंगवरची जीडीअँडटी चिन्हं (पार्टचा आकार आणि जागा किती चुकली तर चालेल ते सांगणारी) पक्की वाचता येणं. मुलाखतीला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना पोझिशन टॉलरन्स समजावून सांगता येत नाही. ज्याला येतं त्याला मी त्याच दिवशी घेतो.

@दाभोळखाडी, एक कामाचं विचारायचं होतं. नवीन गिऱ्हाईक करार पाठवतंय. देशातली कंपनी आहे, पुढे परदेशी कंपनीला पुरवते. कशावर अडून बसू?

दाभोळखाडी

पैशांपासून. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु वर्गात असेल तर ४५ दिवसांत पैसे न दिल्यास आयकर कायद्यामुळे ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना तो खर्च वजा मिळत नाही. हे करारात लिहून घ्या, आणि बिल ट्रेड्सवर, म्हणजे बिलावर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, टाकू देणार का ते विचारा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. हेच गिऱ्हाईक थेट परदेशी असतं तर यातलं काही उपयोगी पडलं नसतं.

मग टूलिंग. फिक्स्चर आणि गेजचे पैसे कोण देणार, आणि कार्यक्रम रद्द झाला तर त्याची भरपाई कशी, हे कलम नसेल तर सही करू नका. वरच्या कंपनीला सरकारकडून रद्दीकरणाची भरपाई मिळते. ती तुमच्यापर्यंत झिरपेल असं कलम मागितल्याशिवाय कोणी घालत नाही. चालू माल आणि खास मागवलेला कच्चा माल दोन्ही त्यात यायला हवेत.

उशिराचा दंड अर्धा टक्का दर आठवड्याला असं सर्रास असतं. त्याला वरची मर्यादा घालून घ्या, आणि स्पेशल प्रोसेस त्यांनीच नेमलेल्या ठिकाणी असेल तर तिथला उशीर तुमच्या दंडातून वगळा. पावसाळ्याचंही लिहा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा लोटे वर कोरडं होतं, पण वाशिष्ठीचा जुना पूल खचल्यावर माल बाहेर काढता येत नव्हता. दैवी आपत्तीच्या कलमात नुसता 'पूर' शब्द नको. कारखान्यात पाणी आलं नाही म्हणून ते कलम नाकारतील. 'रस्ता किंवा रेल्वे बंद' असं स्पष्ट हवं.

लोटे_टर्नशॉप

रस्त्याचं डोक्यातच नव्हतं, परशुराम घाट बंद झाला होता तेव्हाही माल अडकला होता. मसुद्याची प्रत आली की निरोपातून पाठवतो. टूलिंगवर ते तयार होतील असं वाटतं, दंडाच्या मर्यादेवर भांडावं लागेल.

खंडाळा_परिसर

अंतराचा नकाशा मागणारा अर्ज मी लिहायला घेतलाय. साठ्याचं प्रमाण आणि स्फोटकांचा वर्ग हे शब्द कुठे, कसे घालायचे ते दाभोळखाडी यांनी सांगावं. वाडीतल्या बाकीच्यांच्याही सह्या घेणार आहे.